आसनाची घोंगडी

गिरणीचा भोंगा झाला की केराबाई चाळीतून निघायची, आणि नळावरच्या बाया तोंडं फिरवायच्या. सकाळच्या पारी बोडकीचं तोंड नको, दिवस वाईट जातो! असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या बायांचा एकही दिवस कधी चांगला गेला नव्हता. पण त्याचा दोष नवऱ्याला देता येत नव्हता, सासूला देता येत नव्हता, मग तो केराबाईच्या डोक्यावर टाकायचा. डोकं होतंच तसं. धनगराच्या विधवेचे केस कुणी काढत नाही, ती रीत बामणांची. केराबाईनं आपले आपण कापले होते. पदर खांद्यावर, मान ताठ, अशी ती रीळ खात्यात कामाला जायची. मागून कुणी पुटपुटलं तर थांबायची, वळायची. "काय म्हणलीस? पुन्यांदा म्हण की, नीट ऐकू दे." पुन्हा म्हणायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती.

ही बाई आईच्या पोटातनंच असं वाकडं बोलत आली असेल, असं चाळीला वाटायचं. खोटं आहे ते. साफ खोटं. माळशिरसाकडच्या एका वाडीतून आठ वर्षांची केरी सोलापुरात सून म्हणून आली, तेव्हा तिला बोलताच येत नाही असं सासरच्यांना वाटलं होतं. सासर घोंगडीवाल्यांचं. मेंढरं राखणारे भाऊबंद लोकर आणून टाकायचे. ती पिंजायची, कातायची बायांनी आणि मागावर बसायचं पुरुषांनी. केरी कातायला शिकली. तेराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं. तीन दिवस ती अडून होती, आणि बाहेर सासू म्हणत होती, "एवढं काय वरडायचं? आमी काय पोरं जलमाला घातली न्हाईत?" ते पोर गेलं. पुढची तीनही गेली. पाचवी शिवी तेवढी जगली. तिच्यामागं केराबाईचं अंग असं काही मोडलं की पुन्हा कधी ताठ बसून जेवता आलं नाही. मग नवरा पटकीनं गेला, आणि ती थोरल्या दिराच्या, मायाप्पाच्या घरात कातणारे दोन हात म्हणून राहिली.

तिच्यापाशी तिचं असं एकच होतं. केस. काळेभोर, दाट, सोडले तर गुडघ्याला लागायचे. नवरा गडी तसा दगड, पण एकदा न्हाऊन उन्हात बसलेली बघून म्हणाला होता, "क्यास लई चांगलं हायती तुजं." पंधरा वर्षांच्या संसारातली तेवढीच एक कौतुकाची गोष्ट. ती तिनं जपून ठेवली होती.

आता गोष्ट तीस सालची. सरकारनं कायदा केला होता की चौदा वर्षांच्या आतल्या पोरीचं लग्न लावायचं नाही. लावलं तर नवऱ्याला, बापाला, लावणाऱ्याला सगळ्यांना शिक्षा. कायदा लागू व्हायचा एक एप्रिलला. झालं! होळी झाली आणि सोलापुरात लग्नांचा नुसता धुमाकूळ सुरू झाला. ज्यांना पोरीचं वय माहीत नव्हतं त्यांना अचानक एप्रिलची तारीख पाठ झाली. वाजंत्री मिळेनात. सहा-सहा वर्षांच्या पोरी हळदीनं पिवळ्या करून गल्लीबोळांतून मिरवल्या, त्यातल्या काही तर बापाच्या खांद्यावर झोपलेल्या होत्या. कायदा पोरींना वाचवायला केला आणि आमच्या शहाण्यांनी त्याच्या आधी महिनाभरात जेवढ्या सापडल्या तेवढ्या उरकल्या. कुणाला लाज? छे! उलट पारावर बसून एकमेकांना सांगत होते, "आमची सुटली बाबा, तुमची राहिली का अजून?"

मायाप्पाही त्या घाईत होता. त्याच्या थोरल्या पोराला बायको हवी होती. सांगोल्याकडचा ज्ञानबा आपली मुलगी द्यायला तयार होता, पण साट्यालोट्यानं. म्हणजे आमची पोरगी घ्या आणि तुमच्या घरची एक आमच्या पोराला, श्रीमंतला, द्या. श्रीमंत सव्वीस वर्षांचा. मायाप्पानं घरात नजर फिरवली. त्याची स्वतःची बाळी आठ वर्षांची, धाकटी नागी अंगावर पिणारी. केराबाईची शिवी नऊची. भावाची पोर, बाप नसलेली, अशी हाताशी असताना स्वतःची कोण देतो?

सुपारी फुटल्यावर त्यानं केराबाईला सांगितलं. सांगितलं म्हणजे, ती परातीत भाकरी थापत होती, तेव्हा दारातून बोलला.

"भावजी, चार वर्सं थांबा," केराबाई पदराआडून म्हणाली. "न्हाण तरी येऊ द्या पोरीला. मी तेराव्या वर्साला मरता मरता वाचले. माजं काय झालं ते घरात समद्यांनी बघितलंय की."

"बघितलंय. जगलीस न्हवं?"

"चार गेली."

"तुजी गेली म्हून समद्यांचीच जात्यात व्हय? आन् हे बघ, मेंढरू इकताना आमी मेंढराला इचारत न्हाय. बाईच्या जातीला काय इचारायचं?" आणि जाता जाता त्यानं लोकरीचं गाठोडं तिच्यापुढं टाकलं. "आसनाची घोंगडी पायजे. पंधरा दिसांत सूत दे."

इथं त्याची चूक झाली. ती त्यालाच होण्यासारखी होती. लग्नात नवरानवरी बसतात ती आसनाची घोंगडी. तिच्यावर ज्वारीचा चौक भरायचा, भंडारा टाकायचा, बिरोबाला बोलवायचं आणि मग जोडप्यानं बसायचं. आसन नाही तर लग्न नाही. मायाप्पाच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या रीत होती की हे सूत नवरीच्या आईनंच कातायचं. ज्या बाईला विचारायचं नाही, जिचा जीव तुटतोय, तिच्याच हाती लग्नाचं आसन द्यायचं! पण रीत म्हणजे रीत. त्यात आईला काही वाटत असेल, हे रीत घालणाऱ्याच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि पाळणाऱ्याच्याही.

केराबाईनं गाठोडं उचललं. पहिले दोन दिवस नुसती रडली. जाऊबाईकडं, कस्तुराबाईकडं गेली. "आक्का, तुमी तरी सांगा की भावजीस्नी." कस्तुराबाई नागीला पाजत होती. ती एवढंच म्हणाली, "माजं कवा ऐकलंय त्यांनी?" आणि तोंड फिरवून बसली. केराबाईच्या मनात त्या दिवशी जावेविषयी जी आढी बसली ती बसलीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. केराबाईनं मेंढरं कातरायची लोखंडी कातर घेतली, परसात बसली आणि वेणी मानेपाशी धरून कापली. नवऱ्याचं ते वाक्य आठवलं का? आठवलं. पण तिला ते केस वांझोट्या मायेसारखे वाटायला लागले होते. कौतुक करणारा गेला, आणि ज्या पोरीचे विंचरायचे ती चालली. तिनं केसांचे बोटबोटभर तुकडे केले, काळ्या लोकरीत मिसळले, कमानीनं पिंजले आणि कातायला बसली. लोकर काळी, केस काळे.

डोकं लपवायला तिला काही करावं लागलं नाही. थोरल्या दिरापुढं बाईनं पदर कपाळाखाली ओढूनच वावरायचं, ही पण मायाप्पाच्याच घरची रीत. पंधरा दिवस तो तिच्यासमोरून गेला-आला आणि त्या पदराखाली काय आहे ते त्याला दिसलं नाही. मागावर बसल्यावर मात्र एकदा कुरकुरला, "यंदाची लोकर टोचती कशी गं?"

"मेंढरू म्हातारं आसंल," केराबाई म्हणाली.

लग्न मार्चच्या तीस तारखेला. मांडव दारातच. सांगोल्याकडची माणसं आली, ढोल आले. शिवीला हळद लावून बसवली होती. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या म्हणून ती सारखी फुंकर मारून त्या उडवत होती. पुजाऱ्यानं आसन अंथरलं, चौक भरला, भंडारा उधळला. श्रीमंतनं पाय उचलला.

"थांब!"

विधवेनं मांडवात यायचं नसतं. केराबाई सरळ मधोमध येऊन उभी राहिली आणि तिनं पदर मागं टाकला. ढोल आपोआप थांबले. उभ्या मांडवानं ते डोकं बघितलं. खाली-वर कापलेलं, कुठं टाळू दिसतेय, कुठं बोटभर खुंट.

"माजं क्यास शोधताय व्हय? हितं हायती." तिनं आसनाकडं बोट केलं. "ह्या घोंगडीच्या सुतासुतात हायती. ज्या बाईला इचारायचं न्हवतं तिचं डोस्कं हाय हे. ज्याला माज्या डोस्क्यावर बसून माजी लेक न्यायची हाय त्यानं बसावं. बस की रं श्रीमंत! बस!"

मायाप्पा धावून आला. आधी त्यानं तिच्या थोबाडीत मारली, मग खाली बसून घोंगडीचा काठ उसवला. सूत उलगडून उन्हात धरलं. लोकर पिंजारली गेली आणि मधून गुळगुळीत, चमकता केस निघाला. मग दुसरा. तेव्हा त्याला टोचणं आठवलं असणार, कारण त्यानं हात झटकला, विंचवाला शिवल्यासारखा.

ज्ञानबा म्हणाला, "ही पोरगी आमाला नगं. आईनं शाप कातून दिलाय हिला."

जिंकली होती केराबाई! दोन दिवसांत एप्रिल लागणार होता. तिनं शिवीला हाताला धरून ओढलं, तिच्या मुंडावळ्या तोडल्या.

पण ज्ञानबाचं बोलणं संपलं नव्हतं. "पोरगी मात्र पायजे. साटंलोटं ठरलंय. मोकळ्या हातानं गेलो तर आमची बी देत न्हाय."

मायाप्पानं मांडवात इकडंतिकडं बघितलं. मेढीला टेकून बाळी शेंगा फोडत बसली होती. एक दाणा आपल्या तोंडात, एक धाकट्या नागीच्या. त्यानं तिला बखोटीला धरून उचललं. शेंगा सांडल्या म्हणून ती रडायला लागली. "कस्तुरे, तुजं आसन काढ पेटीतलं!" सूत नवरीच्या आईनंच कातायचं, ही रीत त्या घाईत कुणाला आठवली नाही.

केराबाई ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. तिला चौघांनी धरून मांडवाबाहेर लोटलं. लोटता लोटता तिनं बघितलं की कस्तुराबाई घरात गेली, पेटीतून आपल्या लग्नातली जुनी घोंगडी काढून आणली, आणि आपल्या हातानं अंथरली. एक शब्द तोंडातनं काढला नाही. आठ वर्षांची बाळी नाक पुसत त्या घोंगडीवर बसली. शेंगांची टरफलं अजून तिच्या मुठीत होती.

भावकीनं केराबाईला वाळीत टाकलं. तिनं शिवीला घेऊन गिरणीच्या चाळीत खोली केली, पद्मशाली विणकरांच्या शेजारात. मे महिन्यात शहरात गोळीबार झाला, लष्कराचा अंमल आला, सगळं सोलापूर घाबरून दारं लावून बसलं. केराबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्यापुरता त्याच्याआधीच सगळा निकाल लागला होता. रीळ खात्यात ती सूत गुंडाळायची आणि मनात मायाप्पाला शिव्या घालायची. आणि मायाप्पापेक्षा जास्त कस्तुराबाईला. बाप्याचं काय, बाप्याला पोटात नऊ महिने ठेवावं लागत नाही. पण ती? आई होती न्हवं ती? आसन अंथरताना हात झडले कसे न्हाईत तिचे!

केस पुन्हा वाढले, खांद्याला आले. शिवी मुन्सिपालटीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. मोठी झाली तशी तीही आईवर चिडायला लागली. "समद्या पोरी मला बोडकीची म्हणत्यात. आता तरी नीट बांध की क्यास." केराबाई हसायची. तेलही लावायला लागली होती.

मग पस्तीस सालच्या थंडीत नळावर तिला कुणीतरी सांगितलं. मायाप्पाची बाळी गेली. सांगोल्याला, सासरी, बाळंतपणात. तेरा वर्षांची. चार दिवस अडून होती म्हणे. केराबाईनं घागर तिथंच ठेवली, खोलीत आली, कातर काढली आणि केस मुळापासून उतरवले. शिवी शाळेत शिकलेली, तिनं विचारलं, "आता कुणाच्या आसनासाठी?" त्यानंतर केराबाईनं केस वाढू दिले नाहीत. चाळ म्हणाली, बाई चळली. एकीला वाचवताना दुसरी गेली, आणि ती आपणच मांडवात ढकलली, हे ती कुणाला सांगणार?

दोन वर्षांनी, रविवारी दुपारी, कस्तुराबाई चाळीच्या दारात येऊन उभी राहिली. एका हाताला नऊ वर्षांची नागी.

केराबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "कुणाचं घर पायजे?"

"केरे, मी हाय."

"वळखलं की. म्हून तर इचारते. हितं तुजं कोन न्हाय. आसनं अंथरणाऱ्या बायांचं काम न्हाय हितं."

कस्तुराबाई उंबऱ्यातच बसली. तिची नजर आत शिवीवर गेली. शिवी सोळा वर्षांची, उंच, भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. कस्तुराबाई बराच वेळ तिच्याकडंच बघत राहिली.

"एवढी झाली व्हय," ती म्हणाली. "बाळी वर्सानं धाकटी हिच्यापरास."

"नाव काढू नगंस तिचं! तुज्या तोंडानं नगंस काढू. तवा तोंड कुटं गेलतं?"

"आता नागीचं ठरलंय," कस्तुराबाई खाली बघून बोलत राहिली. "त्याच घरात. श्रीमंतालाच. बाळीच्या जागी. इंग्रजाचा कायदा नडतोय म्हून अक्कलकोट संस्थानात जाऊन लावणार हायती, तितं तो चालत न्हाय. सूत मी कातलंय."

"मग जा की अंथरायला!"

"केरे, मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"तुज्या क्यासाचं. चुलीम्होरं फुंकताना पदर घसरला तुजा, तवा बघितलं. लोकरीत बोटं घालून बी बघितली. लग्नाच्या आधी आठ दीस." कस्तुराबाईचा आवाज कोरडा होता. "धन्याला सांगितलं आसतं तर त्यांनी दुसरं सूत आणलं आसतं. शिवी गेली आसती. म्या न्हाय सांगितलं. म्हणलं, एक तरी सुटू दे. माज्या बाळीला उचलत्याल, हे कुटं ठावं व्हतं मला?"

सात वर्षं जिला शिव्या घालून केराबाईनं सूत गुंडाळलं, ती बाई उंबऱ्यात बसून नाक पुसत होती. केराबाईला तिचा राग आला, आपला आला, त्या मेल्या मायाप्पाचा आला, ज्ञानबाचा, श्रीमंतचा, बिरोबाचासुद्धा आला. तिनं उठून नागीला आत ओढलं आणि शिवीच्या मांडीवर बसवलं.

"आता क्यास लोकरीत घालून भागायचं न्हाय," ती शेवटी म्हणाली. "सुताला बोटं लावून बघत्याल ती."

"बघू देत. मी न्हायच घातलं." कस्तुराबाईनं अंबाडा सोडला. निम्मे पिकलेले केस पाठीवर पडले. "मी उघड्या डोस्क्यानं घरी जाणार. आन् सांगणार, घरातल्या समद्या लोकरीत मिसळलंय, मागावरच्या, पेटीतल्या, अंथरुणातल्या. कुटल्या घोंगडीत हाय आन् कुटल्यात न्हाय ते शोधा म्हणावं. ह्या घरातल्या आसनावर कोन बसतंय ते मी बी बघते." ती उठली आणि चाळीच्या अंगणात, नळापाशी, भर उन्हात जाऊन बसली. "तुजी कातर आण. माजं हात कापत्यात."

बायांनी घागरी खाली ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, नवरा जिता हाय तिचा! सवाशिणीचं क्यास कापत्यात व्हय?" केराबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं, आणि ती बाई गप झाली. शिवी आतून कातर घेऊन आली होती.

केराबाईनं जावेचे केस मुठीत धरले. कातर मानेपाशी लावली आणि तिचा हात थांबला.

"आक्का, खांद्यापतूर ठिवू का? बांधाया तरी येतील."

"नगं," कस्तुराबाई म्हणाली. "मुळातनं काप. समद्यांला दिसू दे."